शेळीवर आलेला आळ

१

आमच्या वसाहतीच्या बागेत रविवारी सकाळी खून झाला, आणि ज्याचा झाला ते अळूचं झाड होतं.

हसण्यासारखं काही नाही. मोरीच्या पाण्यावर परसदारी वाढतं ते हे अळू नव्हे. हे शोभेचं. एकेक पान सुपाएवढं, काळपट हिरवं, त्यावर चांदीच्या शिरा. बागांच्या स्पर्धेची ढाल तीन वर्षं ओळीनं आमच्याकडे आली ती या एका कुंडीच्या जोरावर. बागेच्या मधोमध चौथऱ्यावर ती विराजमान असायची. कुणाकडे पाहुणा आला की पाण्याचा पेला हातात द्यायच्या आधी त्याला खाली नेऊन अळू दाखवायचं, अशी आमच्याकडे पद्धतच पडली होती. अभिमान म्हणा, मिजास म्हणा, होती खरी, आणि मीही त्यात मागे नव्हते.

तर त्या सकाळी गलका ऐकून मी खाली गेले. झाड आडवं पडलं होतं. माती चहूकडे उडालेली. पानांचे लचके तोडलेले आणि प्रत्येक लचक्याच्या कडेला दातांची रांगच्या रांग. मातीत कुत्र्याच्या पंजांचे ठसे उमटलेले. संध्याकाळी परीक्षक येणार होते. त्यांच्या स्वागताची लाल फीत फाटकाला लावून झाली होती; तिची दोन्ही टोकं सरळ कापलेली होती आणि त्यांतून दोरे लोंबत होते. मी चष्म्याच्या दुकानात काम करते. असल्या बारीक गोष्टी मला नको तेव्हा दिसतात.

वसाहतीचे अध्यक्ष कुंडीपाशी उभे होते. एवढ्या उकाड्यात पूर्ण बाह्यांचा सदरा, मनगटापर्यंत बटणं लावलेली, हात पाठीमागे. अळूची सगळी जबाबदारी त्यांची. ते शांतपणे एवढंच म्हणाले, "शेळी कुठाय?"

शेळी ही आमची कुत्री. नाव आम्ही ठेवलं नाही, तिनं कमावलं. हाड टाकलं तर हुंगून सोडून देईल, पण झाडपाला दिसला की हिच्या जिभेला पाणी सुटतं. गवत तर खातेच, पण खालच्या मजल्यावरच्या शिलाईवाल्या काकूंची कोथिंबीर मुळासकट, दंतवैद्यांचा झेंडू, अध्यक्षांच्या गुलाबाच्या कळ्या, सगळ्याची चव तिनं घेतलेली. तक्रारी ऐकून ऐकून आमचे कान किटले होते.

शेळी आली ती शेपटी हलवत. तिचं तोंड डोळ्यांपर्यंत मातीनं माखलं होतं.

मग काय, कुणाला काही विचारायची गरजच उरली नाही. परीक्षक यायच्या आधी सभा घ्यायची आणि कुत्रीला गावाबाहेरच्या प्राण्यांच्या निवाऱ्यात पाठवायचं, असं तिथल्या तिथे ठरलं. माना डोलल्या. माझी तेवढी हलली नाही. कारण त्या कुत्रीवाचून आमचे सासरे उंबऱ्याबाहेर पाऊल टाकू शकत नव्हते.

२

मी जगाला चष्मे विकते, पण बाबांच्या डोळ्यांवर चालेल असा चष्मा अजून कुणी केलेला नाही. दोन वर्षांत त्यांची नजर अशी गेली की समोरचं माणूस म्हणजे नुसती सावली. हाताला धरून नेलेलं त्यांना खपत नाही. काठी आणली, ती कपाटामागे गेली. महिनाभर खुर्चीत बसून होते, जेवणसुद्धा बोलावल्याशिवाय घेत नव्हते. मग ही कुत्री आली. कुणी न शिकवता ती पायरीपाशी थांबायला लागली, खड्ड्यापाशी आडवी व्हायला लागली. आता रोज पहाटे दोघं बागेला चक्कर मारतात, ताठ मानेनं. शेळी गेली तर बाबा पुन्हा त्या खुर्चीत जाणार, आणि या वेळी उठणार नाहीत, हे मला लख्ख दिसत होतं.

मी ताईंना फोन केला. ताई म्हणजे माझी थोरली नणंद, जनावरांची डॉक्टर. नणंदेचं कौतुक करणारी भावजय विरळा, हे मलाही माहीत आहे. पण गाभण म्हैस मध्यरात्री अडली तरी जिचा आवाज चढत नाही, अशा बाईचं कौतुक नाही करायचं तर कुणाचं? त्या तासाभरात आल्या. आल्या आल्या शेळीला नव्हे, बाबांना भेटल्या.

बाबा गॅलरीत बसले होते. मी मनात म्हणत होते, बाबा म्हणतील की शेळी सकाळभर माझ्याजवळच होती, आणि एवढ्यावर भागेल. वसाहतीत बाबांच्या शब्दाला वजन आहे.

ताईंनी विचारलं, "बाबा, ती तुमच्यापासून लांब गेली होती का?"

"गेली होती," बाबा म्हणाले. "मी बाकावर बसलो की मी तिला मोकळी सोडतो. ती चौथऱ्याकडे गेली आणि माती उकरायला लागली. मी ऐकलं. हाक मारली तरी आली नाही."

मी कपाळाला हात लावला. म्हटलं, बाबा, सभेत हे कशाला सांगायचं? तुम्हाला कुठे काही दिसलं?

"विचारलं तर सांगणार," ते म्हणाले. "कुत्री राहावी म्हणून खोटं बोललो, तर उद्या तिच्यासोबत कुठल्या तोंडानं फिरू?"

एकुलता एक साक्षीदार, आणि तोही आमच्याच विरुद्ध. राग आला, आणि त्याच वेळी ऊर भरूनही आला. या घरात दिली म्हणून माहेरच्यांना दुवा द्यावा की दोष, ते मला कळेना.

३

ताई बागेत उतरल्या तेव्हा झाड जागेवर नव्हतं. परीक्षकांना घाण दिसायला नको म्हणून अध्यक्षांनी स्वतः ते उचलून टाकलं होतं. राहिली होती रिकामी कुंडी, माती आणि पानांचे तुकडे.

दंतवैद्य तिथे हजरच. त्यांनी पानाचा एक तुकडा चिमट्यानं रुमालात जपून ठेवला होता. त्यांचं ऑर्किड गेली तीन वर्षं कोपऱ्यात पडून होतं आणि आज अळूच्या जागी तेच जाणार होतं, त्यामुळे आवाजात दुःखापेक्षा उत्साह जास्त. दातांच्या खुणा ओळखण्यात आपली हयात गेली, हा चावाच आहे, असं त्यांनी ताईंना समजावून सांगितलं.

ताईंनी तुकडा उजेडात धरला. "सगळे दात एकाच मापाचे दिसतात. अंतरही सारखं."

"निरोगी जबडा," दंतवैद्य म्हणाले.

"मग ही कुत्री नाही, कंगवा आहे. डॉक्टर, कुत्र्याच्या तोंडात पुढे बारके दात, मग सुळे, मागे दाढा. पाला खाताना ती मान वाकडी करून दाढेखाली धरते आणि चघळते. पान असं कातरल्यासारखं निघत नाही, चोथा होतो."

त्यांनी शेळीला बोलावलं, तिचा जबडा दोन्ही हातांनी उघडला आणि दंतवैद्यांना जवळ येऊन बघायला सांगितलं. ते दबकत आले. आतून सगळं गुलाबी, स्वच्छ. सूज नाही, लाळ नाही.

"कच्चं अळू चावलं तर काय होतं, कोणत्याही स्वयंपाकघरात विचारा," ताई म्हणाल्या. "नुसतं चिरलं तरी हात खाजतात. आणि हे शोभेचं तर त्याहून तिखट. हिनं एक पान जरी चावलं असतं तरी तोंड सुजून लाळ गळाली असती. हिनं सकाळी काय खाल्लं?"

मी म्हटलं, दोन पाव आणि माझ्या हातातला तिसरा.

दंतवैद्यांचा चेहरा पडला, पण माणूस सरळ. पान शेळीनं खाल्लेलं नाही, हे त्यांनी तिथेच कबूल केलं. मी शेळीला घेऊन निघणार, एवढ्यात ते म्हणाले की पान खाल्लं नसेल, पण झाड तर तिनंच उकरून पाडलं ना? ठसे आहेत, तोंडाला माती आहे.

ताई कुंडीवर वाकल्या. मातीच्या वरच्या थरातून त्यांनी चिमूटभर पांढरी पूड काढली आणि शेळीच्या नाकासमोर धरली. शेळीनं बोट चाटूनपुसून साफ केलं.

"हाडांचा चुरा," ताई म्हणाल्या. "खत म्हणून झाडाला घालतात, पण खाली, मुळाशी, मातीत मिसळून. हा वरच पसरलाय आणि अजून कोरडा आहे. हाड ती सोडून देते म्हणतेस ना तू? सुकं हाड सोडत असेल. हा वास कुठलंच कुत्रं सोडत नाही. कुणीतरी आज पहाटे हिला इथे जेवायला बोलावलं होतं."

४

झाड बागेमागच्या खतखड्ड्यात सापडलं. ताईंनी पदर खोचला आणि हात घालून बाहेर काढलं. त्याचा कंद त्यांनी माझ्यापुढे धरला आणि मी दोन पावलं मागे सरले. घाण वास. अंगठ्यानं दाबला तर लगदा झाला.

"हे एका सकाळीत होत नाही," ताई म्हणाल्या. "कंद कित्येक दिवस सडत होता. झाड मेलेलंच होतं गं. मेलेल्याचा खून झालाय."

म्हणजे झाड मेल्याचं कुणाला तरी कळलं आणि ते कुत्रीच्या माथी मारलं गेलं. पण कुणी? दंतवैद्यांना जागा हवी होती. काकूंचं तर शेळीशी हाडवैर. कोथिंबिरीनंतर त्यांनी भर जिन्यात म्हटलं होतं, की ही शेळी एक दिवस मी कसायाला देईन. आणि सारख्या मापाचे दात म्हटल्यावर माझ्या डोक्यात एकच वस्तू आली होती. शिंप्यांकडे कापडाचे दोरे निघू नयेत म्हणून करवती पात्याची कात्री असते. तिनं कापलेली कड दातेरी निघते. वसाहतीत तशी कात्री एकच होती.

आम्ही काकूंकडे गेलो. त्या मशीनवर होत्या आणि तापल्या होत्या. पांढऱ्या झग्याचं कापड त्यांनी आमच्यापुढे फेकलं. कापलेल्या कडेला ओळीनं तपकिरी डाग. गिऱ्हाईकाला काय दाखवू, असं त्या म्हणत होत्या.

ताईंनी डाग बघितला. अळूचा चीक असाच डाग पाडतो आणि तो जन्मात जात नाही, हे तिथे कुणाला सांगावं लागलं नाही. काकूंच्याच लक्षात आलं आणि त्या मशीनवरून उठल्या.

"माझ्यावर आळ घेताय का?"

ताईंनी त्यांचे हात हातात घेतले, उलटसुलट करून पाहिले. सुईनं टोचलेली बोटं, पण कातडी साफ. कात्री कुणाला दिली होती का, असं त्यांनी विचारलं. काकू उसळल्या. शिंप्याची कात्री म्हणजे काय सार्वजनिक नळ आहे? सख्ख्या बहिणीला देत नाही मी. हे खरंच होतं. पाकीट फोडायला मागितली तेव्हा मला दारातून परत पाठवलं होतं. काकूंचा तो बाणा सगळ्या वसाहतीला ठाऊक होता.

ताई काकूंचे हात न सोडता उभ्या राहिल्या. अडलेल्या जनावरापुढे त्या अशाच उभ्या राहतात.

शेवटी काकू मशीनकडे बघत पुटपुटल्या, "एकदाच दिली. कुणाला सांगू नका, नाहीतर उद्या रांग लागेल. काल संध्याकाळी अध्यक्ष आले होते. म्हणाले, फाटकाची फीत कापायचीय, दोरे निघायला नकोत. आज सकाळी परत दिली."

मला फाटकावरची फीत आठवली, आणि तिचे लोंबणारे दोरे.

५

अध्यक्षांच्या घरात भिंतीवर तिन्ही ढाली. ते एकटेच होते, आणि अजून त्याच पूर्ण बाह्यांच्या सदऱ्यात. आम्हाला बसा म्हणाले, पण स्वतः बसले नाहीत. ताईंनी पिशवीतून मलमाची नळी काढली आणि टेबलावर ठेवली.

"हातांना लावा, काका. खाज उतरेल."

त्यांनी नळी उचलली. मग त्यांनी मनगटाची बटणं सोडली. कोपरापर्यंत लाल चट्टे उठले होते. दिवसभर तो माणूस ते सोसत उभा होता.

मी बोलायला तोंड उघडलं होतं. शब्द तयार होते, आणि बरेच होते. एका आंधळ्या माणसाची काठी तोडायला निघालात, लाज नाही वाटली? ताईंनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

अध्यक्ष आपणहून बोलू लागले. दोन दिवसांपूर्वी पान पुसताना झाड हातात आलं, तेव्हा त्यांना कळलं; ते तसंच मातीत खोचून त्यांनी उभं ठेवलं. परीक्षक तोंडावर आलेले. जिन्यात भेटेल तो विचारायचा, काय, चौथी ढाल पक्की ना? आणि त्यांना हो म्हणावं लागायचं.

"तीन वर्षं ज्या झाडामुळे मला मान मिळाला, ते माझ्याच हातून गेलं, हे सांगायला जीभ रेटेना," ते म्हणाले. "कुत्रीचं नाव आधीच खराब होतं. मला वाटलं, एवढंसं आणखी. तिला पाठवून द्या, असं कुणीतरी मागून ओरडलं, आणि मला नाही म्हणता आलं नाही."

"बाबांचा विचार आला नाही मनात?" ताईंनी विचारलं.

"दिवसभर दुसरा आलाच नाही."

ताई उठल्या. "सभेत मी काही सांगणार नाही. मी सांगितलं तर लोक तुम्हाला धरतील. तुम्ही सांगितलंत तर ऐकतील. ठरवा."

जिन्यात मी ताईंवर चिडले. पुरावा हातात असताना चोराच्या हाती किल्ल्या द्यायच्या? तो गप्प बसला तर? ताई म्हणाल्या, तर मी बोलेनच की. पण बाबांना उद्या याच माणसाच्या शेजारी राहायचंय.

६

सभा बागेतच भरली. अध्यक्षांनी शेळीचा पट्टा मागून घेतला. नियमाप्रमाणे कुत्री समितीच्या ताब्यात, असं कुणीतरी म्हणालं. बाबा बाकावर ताठ बसले होते, रिकामे हात गुडघ्यांवर. त्यांना आम्ही काही सांगितलं नव्हतं. आधी कळलं असतं तर अध्यक्षांना वाचवायला बाबांनी त्यांना तोंडच उघडू दिलं नसतं, ही ताईंची भीती.

बाबाच आधी उभे राहिले. "ती तिथे गेली होती," ते म्हणाले. "तिनं उकरलं. मी ऐकलं. मला विचारायच्या आधीच सांगतो." आणि बसले.

अध्यक्षांच्या हातात पट्टा, दुसऱ्या टोकाला शेळी. त्यांनी घसा खाकरला आणि मला वाटलं, झालं, आता हा माणूस याच वाक्यावर सभा संपवणार.

त्यांनी बाह्या वर केल्या.

"उकरलं, कारण मी तिच्यासाठी चुरा टाकला होता," ते म्हणाले. "पानं मी कापली. काकूंच्या कात्रीनं." काकूंनी डोळे मिटून घेतले. "झाड आधीच मेलं होतं. पाणी जास्त झालं. मी त्याला मोजून एक तांब्या घालायचो, तरी कंद सडला. कसा ते मला अजून कळलेलं नाही. पण राखण माझी होती. दोष माझा."

कुजबुज सुरू झाली, आणि ती रागाची नव्हती. दंतवैद्य उगाच चष्मा पुसायला लागले. मग म्हणाले, की दवाखान्यात जाताना ते रोज एक पेला घालत. काकू म्हणाल्या, मी पण, अर्धी बादली, उन्हाळा आहे म्हणून. तिसऱ्या मजल्यावरच्यांनी तर तांदूळ धुतलेलं पाणी घातलं होतं. वसाहतीचा मान तहानलेला राहू नये म्हणून घराघरातून पाणी गेलं होतं, एकमेकांच्या नकळत. आमच्या घरातून मात्र कुणी नाही, असं मी अगदी मान उंच करून म्हणणार, तोच बाकावरून आवाज आला.

"मीही घालायचो," बाबा म्हणाले. "पहाटे. बाटलीतलं उरलेलं."

हसू आधी कुणाला फुटलं ते आठवत नाही. पण अध्यक्ष हसले नाहीत. ते बाबांपुढे जाऊन उभे राहिले आणि पट्टा पुढे केला. म्हणाले, "चुकलो. माफ करा म्हणायचं तोंड नाही मला."

बाबांनी हात पुढे केला नाही. माझ्या मनात आलं, नका करू माफ, बाबा. खरंच नका करू.

"पट्टा तुमच्याच हातात राहू द्या," बाबा उठत म्हणाले. "मला घरापर्यंत सोडा. ती सांगेल तिथे थांबायचं, आपलं डोकं चालवायचं नाही."

आणि त्यांनी अध्यक्षांच्या दंडाला धरलं. ज्या माणसानं पोटच्या मुलाला कधी दंड धरू दिला नाही, त्यानं. शेळी पुढे, मागे ते दोघं, अख्ख्या वसाहतीच्या मधून. पहिल्या पायरीपाशी शेळी थांबली, अध्यक्षही थांबले, खाली बघितलं आणि मग हळूच म्हणाले, पायरी आहे. तेवढ्यात फाटकातून परीक्षक आत आले. त्यांच्याकडे कुणी लक्षसुद्धा दिलं नाही.

ताई आणि मी मागून चाललो होतो. ताईंचे डोळे भरले होते आणि हात अजून खतखड्ड्याच्या मातीचे. लोक वाट देत होते, बघत होते. खोटं कशाला सांगू, मी ताईंचा हात धरला आणि मुद्दाम सावकाश चालले, सगळ्यांना आम्हाला नीट बघता यावं म्हणून.